परत न गेलेलं खोकं

जबलपूरच्या मराठी मंडळात भानुमतीबाई देशकरांचा डावा हात प्रसिद्ध होता. बाई डावऱ्या होत्या असं नाही. मंडळाच्या मागच्या खोलीत त्या शिशुवर्ग चालवायच्या आणि तिथं कुणी एखादं खेळणं दान दिलं की ते आधी आपल्या घरी न्यायच्या. चटईवर मांडी घालून बसायच्या, उजवा हात पदरात गुंडाळायच्या आणि डाव्या हातानं ते खेळणं खेळून बघायच्या.

"उजव्या हाताला सगळंच येते," त्या म्हणायच्या, "त्याला काय विचारायचं? चार वर्षांच्या पोराचे दोन्ही हात डावेच असतात."

लग्न होऊन त्या अमरावतीकडून इथं आल्या, तेव्हा नव्या मध्य प्रदेशाची पाटी अजून ओलीच होती. यजमान दिवाकरराव डिफेन्सच्या कारखान्यात. आजूबाजूला सगळी हिंदी. कॉलनीतल्या मराठी पोरांच्या तोंडी दोन मराठी गाणी असावीत, एवढ्याच हेतूनं वर्ग सुरू झाला. पण गाण्यांपेक्षा बाईंचा जीव रमला तो पोरांच्या बोटांत. कुणाला कधी बटण लावता येतं, कुणाला मणी ओवता येतात, कुणाच्या हातात कात्री द्यायची आणि कुणाच्या अजून नाही, हे त्यांना हातांकडे बघून कळायचं. मंडळाचे एक देणगीदार, सिहोऱ्याचे बाबाराव, यांनी एकदा कोड्याचे सुंदर रंगीत ठोकळे पाठवले. बाईंचा डावा हात अर्धा तास झगडला आणि सकाळी ठोकळे परत गेले.

परत पाठवायचीही त्यांची एक रीत होती. दान देणाऱ्याच्या तोंडावर नाही म्हणणं त्यांना जड जायचं. म्हणून नापसंत खेळण्याच्या खोक्याला लाल नाडा बांधून, निरोप न देता, त्या ते देणाऱ्याकडे पोचतं करायच्या. मंडळात ही रीत इतकी मुरली की कुणी बाईंना मत विचारायचंच बंद केलं. लाल नाडा बांधून परत आलं तर नापास, नाही आलं तर पास. बोलायची गरज उरली नाही. यात आपण आपल्याच बोलण्याची किंमत उतरवून ठेवली आहे, हे बाईंच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

दिवाकरराव गेले, गुडघे गेले, मग वर्गही हातून गेला. शिशुवर्गाला नवी शिक्षिका आली आणि बाई मदन महल भागात मुलाकडे राहायला आल्या. मंडळाच्या फलकावर 'सल्लागार' म्हणून त्यांचं नाव मात्र राहिलं.

अध्यक्ष होते भय्यासाहेब. रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा छोटा कारखाना होता. माणूस दिलदार, पण नव्या वस्तूचं वेड भारी. शहाण्णव-सत्त्याण्णवचा सुमार. घरोघरी टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम येऊ लागले होते. शिशुवर्गाची पोरं मागं पडू नयेत म्हणून भय्यासाहेबांनी एक घेतला आणि रिवाजाप्रमाणे बाईंच्या परीक्षेला पाठवला. बाईंचा मुलगा विनय तो स्कूटरवरून घरी घेऊन आला.

काळा डबा, पिवळी कॅसेट, वायरवाले दोन रिमोट. विनयचा मुलगा श्रीरंग अकरा वर्षांचा होता. त्यानं पाच मिनिटांत सगळं जोडलं. धाकटी रेवा साडेचार वर्षांची. ती तोंडात बोट घालून बघत राहिली.

दुसऱ्या दुपारी घरात कुणी नसताना बाई टीव्हीसमोर चटई टाकून बसल्या. उजवा हात पदरात. पडद्यावर एक टोपीवाला बुटका धावायचा, वाटेत खड्डे यायचे. एक बटण दाबून धरायचं आणि ते न सोडता दुसरं नेमक्या वेळी दाबायचं, तरच तो उडी मारायचा. नाही तर खड्ड्यात. तीनदा पडला की खेळ संपायचा आणि डब्यातून एक टुणटुण वाजायची, कुणी खिजवल्यासारखी. सूचना सगळ्या इंग्रजीत. बाई पडल्या, पुन्हा पडल्या, पडतच राहिल्या. त्यांना खेळाचा राग आला नाही. उलट कॅसेटमध्ये पुढं शोधता शोधता एक चेंडू-फळीचा खेळ सापडला. फळी नुसती डावी-उजवीकडे सरकवायची, चेंडू सुटला तर दुसरा यायचा. तो डाव्या हाताला जमला. बाई स्वतःशीच हसल्या.

संध्याकाळी पोरांना आपल्या खड्ड्यात पडण्याची गंमत सांगून झाल्यावर त्यांनी विनयला सांगितलं. "आठ वर्षांच्या पोरांना हा छान आहे. लहान्यांना नाही. त्यांना फक्त चेंडूवाला. उडीवाला दिला तं ती रोज हरतील, अन् काहून हरलो ते त्यांना समजणार नाही. पोराला न जमणारं त्याच्या हातात देणं म्हणजे न बोलता त्याला मूर्ख म्हणणं. उद्या भय्यासाहेबांकडे नेऊन दे."

"हो आई, सोमवारी नेतो."

बाईंनी खोक्याला लाल नाडा बांधला.

सोमवार गेला. श्रीरंग शाळेतून आला की नाडा सोडायचा, बाई सकाळी पुन्हा बांधायच्या. "गणपतीपर्यंत राहू दे ना, आई," विनय म्हणाला, "मंडळात पडूनच राहणार ते." मग एक दिवस खोक्यावर नाडाच नव्हता. शोधला तर रेवाच्या वेणीत. सून ज्योतीनं तिला फूल करून बांधून दिला होता. पोर आरशात बघून खुश. बाईंना तो काढून घ्यायचा धीर झाला नाही.

त्याच संध्याकाळी त्यांना नवल वाटलं. भाऊ-बहीण शेजारी बसून उडीवाला खेळ खेळत होते. रेवाच्या हातात रिमोट, अंगठे धडाधड आपटत होते, आणि बुटका खड्ड्यांवरून उड्या मारत सुटला होता. "आजी, देखो देखो, मी जिंकून राहिली!"

बाई तिच्या अंगठ्यांकडे बघत राहिल्या. अंगठे पावसासारखे पडत होते, ना ताल ना वेळ. आणि बुटका बरोबर खड्ड्याशीच उडत होता. पोरं जेवायला उठल्यावर त्यांनी वाकून टीव्हीच्या मागं पाहिलं. श्रीरंगच्या रिमोटची वायर डब्यात होती. रेवाच्या रिमोटची वायर गुंडाळून डब्याखाली खोचलेली होती.

त्यांनी विनयला स्वयंपाकघरात बोलावलं. "हे कोणाचं डोकं?"

"माझं," विनय हसला. "अगं, खरा रिमोट दिला की तिचा माणूस पहिल्याच खड्ड्यात पडते. मग ती रडते, श्रीरंगलाही खेळू देत नाही. आता दोघं खुश."

"पडते, कारण तो तिच्या वयाचा नाही."

"म्हणून तं वायर काढली!"

"खेळ काढायचा सोडून वायर काढली?"

"आई, लहान आहे ती," ज्योती पोळी लाटता लाटता म्हणाली. "तिला काय समजते? आनंदात आहे ना, मग झालं."

बाई बाहेरच्या खोलीत आल्या. आनंद खोटा नव्हता, हीच तर पंचाईत होती. ज्या दिवशी ही वायर पोरीच्या नजरेला पडेल, त्या दिवशी ती काय शिकेल? जिंकलेलं काहीच आपलं नव्हतं, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाबांना, आईला, दादाला. आणि आजीलाही.

गणपतीच्या तयारीसाठी भय्यासाहेब घरी आले तेव्हा तोच खेळ रंगात आला होता. ते दारातच थबकले. "अरे वा! ही एवढीशी खेळून राहिली?"

विनयनं श्रीरंगकडे पाहिलं, मग भय्यासाहेबांकडे. आणि तो म्हणाला, "हो ना. साडेचारची आहे."

एवढंच. तो खोटं बोलला असंही म्हणता येईना.

बाई चहा घेऊन बाहेर आल्या. "भय्यासाहेब, हा खेळ लहान्यांचा नाही. मी विनयला सांगितलं होतं."

"ताई, तुम्ही नाही म्हटलं असतं तं खोकं परत आलं असतं. मी रोज वाट पाहत होतो. नाही आलं, तेव्हाच समजलो, पास झालं!" भय्यासाहेब मोठ्यानं हसले. "अन् आता तं पुरावाच समोर बसला आहे. काय गं चिमणे, जमते ना?"

"हो!" रेवा म्हणाली. "मला सगळं जमते. आजीले नाही जमत, आजी खड्ड्यात पडते."

सगळे हसले. बाईंच्या जिभेवर वाक्य तयार होतं, वायर बघा. वाकायचं, डब्याखालून वायर ओढायची आणि दाखवायची, एवढंच काम. पण रेवा त्यांच्याकडेच बघत होती. वेणीतलं लाल फूल डुलत होतं. बाईंनी चहा पुढं केला. "साखर कमी तं नाही ना?"

भय्यासाहेब गेल्यावर विनय म्हणाला, "आई, मी सांगतो त्यांना नंतर." सोमवारी नेतो म्हणाला होता तोच आवाज.

गणेशोत्सवात मंडळाच्या मंचावर टीव्ही लागला. टेबलाला जमिनीपर्यंत सतरंजी सोडलेली. भय्यासाहेबांनी माइक घेतला. "आपल्या आदरणीय भानुमतीताईंनी स्वतः खेळून पसंत केलेला खेळ आता शिशुवर्गात! अन् हा खेळ साडेचार वर्षांच्या पोरीलाही जमतो, ते पाहा!"

रेवा खुर्चीवर बसली, मांडीवर रिमोट. श्रीरंग टेबलाच्या बाजूला, पडदा दिसेल असा, हात सतरंजीआड, "मशीन सांभाळायला." बाई पहिल्या रांगेत, अंगावर सत्काराची शाल.

बुटका धावू लागला. टाळ्या. रेवाला गर्दीत आजी दिसली आणि तिनं रिमोट मांडीवर टाकून दोन्ही हात हलवले. "आजी!"

पडद्यावर बुटक्यानं खड्डा ओलांडला. मग दुसरा. मग तिसरा.

लोकांना वाटलं, खेळच हुशार आहे. काही नुसतेच हसले. रेवाही हसत होती. हसता हसता तिनं पडद्याकडे पाहिलं, मग आपल्या रिकाम्या हातांकडे. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून निघून गेलं. तिनं रिमोट उचलला नाही. बुटका शेवटपर्यंत पोचला, टाळ्यांचा कडकडाट झाला. विनय सर्वांत जोरात वाजवत होता.

खेळ शिशुवर्गात गेला. पंधरवडा उलटायच्या आत मंडळातल्या बाया मदन महलला यायला लागल्या. त्यांतल्या पुष्पाची पोर खेळाच्या वेळी कोपऱ्यात तोंड लपवून बसायची. पुष्पा म्हणाली, "काकू, तुमच्या रेवाला जमते, अन् आमची काहून अशी? डॉक्टरला दाखवू का?"

"तिला काही झालं नाही. खेळ तिच्या वयाचा नाही."

"पण तुम्हीच पसंत केला ना?" पुष्पा म्हणाली. रागानं नाही. खरंच समजत नव्हतं तिला.

बाई स्वतः भय्यासाहेबांकडे गेल्या. गुडघे धरत, सायकलरिक्षानं. सगळं सांगितलं, वायरसकट. भय्यासाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, झालं ते झालं. आता खेळ काढला तं विनयची बदनामी होईल. आपल्याच घरची गोष्ट आहे. अन् पोरं काय, रडतात अन् शिकतात. पण तुमचा सल्ला लक्षात ठेवतो." आणि त्यांनी बाईंना दारापर्यंत पोचवलं, मोठ्या मानानं.

घरी रेवा आता टीव्हीकडे फिरकत नव्हती. कुणी तिला काही विचारलं नाही. ज्योती म्हणाली, "कंटाळली. पोरांचं असंच असते."

एका दुपारी बाईंनी ट्रंकेतून जुने लाकडी मणी काढले, मोठ्या भोकाचे, शिशुवर्गातले. टोक कडक केलेली दोरी. साडेचारच्या हाताला हमखास जमणारी गोष्ट. त्यांनी मणी रेवासमोर मांडले. पोरीनं दोरी एका हातात धरली, मणी दुसऱ्या हातात धरला, आणि तशीच थांबली. आजीकडे बघत.

"ओव ना गं."

"तू ओव," रेवा म्हणाली. "मी धरून राहिली ना."

"अगं, तुला येते हे. घाल त्या भोकात."

रेवानं मान हलवली. मग तिनं मणी खाली ठेवला, चटईची कड उचलली आणि खाली वाकून पाहिलं. मग आजीच्या पाठीमागं जाऊन पाहिलं. तिथंही काही सापडलं नाही, पण तिची खात्री पटली नाही.

"दादा केव्हा येईल?" तिनं विचारलं.

बाईंनी उजवा हात पदरात गुंडाळला आणि डाव्या हातानं मणी ओवायला घेतला. एरवी त्या हाताला हे सहज यायचं. त्या दिवशी दोरी भोकाला लागेचना. रेवा थोडा वेळ बघत राहिली, मग समजूत घातल्यासारखं म्हणाली, "राहू दे आजी. बाबा आले की तुझंही करून देतील."