गेट चारची बदली

इरा, नील, दिनूआजोबा गेल्याचं तुम्हाला फोनवर कळलं, त्याला तीन आठवडे झाले. एक गोष्ट तेव्हा मी सांगितली नाही. ती लिहिलेलीच बरी. बोलताना मी ती माझ्या सोयीने सांगेन.

दिनूआजोबा माझे धाकटे दीर. पोलोग्राउंडच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर यंत्रं दुरुस्त केली. घरावरून विमान गेलं की हातातला घास ठेवून अंगणात जायचे. इंदूरला विमानांच्या कसरती ठरल्या आणि स्वयंसेवकांच्या ड्यूट्या लावायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा पहिलं नाव त्यांनीच दिलं. मी त्यांना गेट चार दिलं... मांडवामागचं, जिथून आकाशाचा तुकडाही दिसत नव्हता. प्रत्येकाला ड्यूटीची चिठ्ठी दिली. त्यांच्या बदलीला कुणी मिळेना, म्हणून माझंच नाव लिहिलं.

"चार वाजता मी येते, भाऊजी. मुख्य कसरती त्यानंतरच आहेत."

"वहिनी, तुमचा कागद म्हणजे पत्थर की लकीर," ते म्हणाले, आणि रांग मोडणाऱ्या एकाकडे वळले, "ओ भिया, लाइन में लगो, विमान कहीं उड़ के नहीं जा रहा."

चारच्या सुमारास मी पाण्याची व्यवस्था बघत पुढे गेले. कुणीतरी पहिल्या रांगेत खुर्ची दिली. दोन मिनिटं म्हणून बसले. विमानं आली. मी घड्याळ पाहिलं, चार वाजून दहा मिनिटं. मी विसरले नव्हते... बसून राहिले.

सगळं संपल्यावर गेटवर गेले. "गर्दीत अडकले हो," म्हटलं.

"होतं असं. आवाजावरून विमानं पाच वाटली. पाचच ना?"

मी मोजली नव्हती. हो म्हणाले.

घरी त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "कागदावर माझी बदली लिहायचीच राहिली." तुमचे आजोबा मला चिडवत होते, "तुझ्या तक्त्यात चूक?" मीही हसून मान डोलावली. मला वाटलं, भाऊजींनी चिठ्ठी नीट वाचलीच नाही, मी तोंडी सांगितलेलंही विसरले. सुटल्यासारखं झालं.

परवा सुधाकाकूने, माझ्या धाकट्या जावेने, भाऊजींच्या चष्म्याचा डबा मला आणून दिला. "तुमचं काहीतरी आहे यात," म्हणाली. आत ती चिठ्ठी होती, चार घड्या घातलेली. गेट चार, बदली चार वाजता, आणि पुढे माझं नाव. त्याखाली त्यांनी पेन्सिलीने बारीक रेघ ओढली होती.

डबा माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहे. चिठ्ठी त्यातच आहे. अक्षर माझं आहे, अजून स्वच्छ वाचता येतं.