अर्धी मुळी

ताम्हिणीच्या डोंगरात शेळ्या राखणाऱ्या त्या बाईचं नाव मी कधी विचारलंच नाही. पुण्याच्या एका प्रयोगशाळेसाठी मी औषधी झाडपाला गोळा करत होतो. जखम चिघळू न देणारी मुळी तिनंच मला दाखवली. ती खुरप्यानं अर्धीच मुळी कापून घ्यायची, उरलेलीवर माती लोटून टाचेनं दाबायची आणि शेजारणीशी बोलावं तशी म्हणायची, "ऱ्हा बये हितंच. लागलं तर यीन."

मला हसू यायचं. तिची पाठ वळल्यावर मी दोन पोती भरून मुळ्या समूळ उपटून नेल्या.

अर्क गुणाचा निघाला, म्हणून पुढच्या वर्षी मी आणखी न्यायला गेलो. त्या उतारावर एकही रोप उरलं नव्हतं. ती दगडावर बसली होती. पायाला फडकं बांधलं होतं आणि त्यातून पू झिरपत होता. ती रागावली नाही. माझ्या पिशवीकडे बघत एवढंच म्हणाली, "त्या मुळ्यांचं औशीद केलं असंल न्हवं तुमी? थोडं आनलंय का?"

सगळा अर्क प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या जंतूंवर तपासण्यातच संपला होता. पिशवीत नुसती रिकामी पोती होती.