टायरला पॉलिश

माझा साडू छत्तीस वर्षं बुटांच्या दुकानात उभा राहिला, पण बूट त्याला कधी कळला नाही. त्याला कळायची ती चकाकी. गिऱ्हाइकाचा अंगठा आत दुमडला तरी हा म्हणायचा, "सैल होईल हो, आधी आरशात तर बघा!" निवृत्त झाल्यावर गप्प घरी बसला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण त्याने रिमोटवर चालणारा, मांजराएवढा एक ट्रक आणला आणि गोदामांमागच्या मैदानात दर रविवारी असल्या ट्रकच्या शर्यती लावणाऱ्या मंडळींत जाऊन उभा राहू लागला.

ट्रकचे जादा टायर त्याने सात प्रकारचे घेतले. चार टायरच्या संचालाही तो 'जोड' म्हणायचा. जोडांना डबे, डब्यांत पातळ कागद. मैदान कसं आहे हे न बघता, शर्टाला कुठला जोड शोभेल हे बघून तो टायर चढवायचा. मी अतिशयोक्ती करत असेन, पण फार नाही.

त्याच्या दिवाणखान्यात तीन कप होते. पहिल्या नंबराचे, असं तो सांगायचा. माझी मेहुणी ते दर आठवड्याला पुसायची. एकदा मी समोर बसलेलो असताना तिने एक कप उलटा केला. तळाला खेळाच्या दुकानाची किमतीची चिठ्ठी तशीच होती. तिने चिठ्ठीकडे बघितलं, कप सुलटा करून जागेवर ठेवला आणि मला विचारलं, "भाऊजी, चहा घेणार ना?"

मग एका बुधवारी तिनेच जाहीर केलं, "या रविवारी मीही येते. चौथा कप डोळ्यांनी बघते."

गुरुवारी सकाळी साडू पिशवीभर टायर घेऊन माझ्या दारात. मी एकोणतीस वर्षं रबराच्या कारखान्यात, तपासणीच्या खोलीत काढली. तिथे मी काय करायचो हे या माणसाने आजवर एकदाही विचारलं नव्हतं.

"साडूबुवा, तुम्ही रबरातले ना? एवढा रविवार माझी लाज राखा."

"आजवर कितवे आलात?"

"शेवटचा. म्हणजे, एकदा एकाची बॅटरी पेटली होती, तेव्हा शेवटून दुसरा."

त्याने बोटभर काट्यांचे टायर बाहेर काढले. "काय रुबाब आहे बघा!"

"मैदानात चिखल असतो?"

"छे, जमीन टणक. वर पिठासारखी धूळ."

"मग हे काटे रुतणार कशात? टणक जमिनीवर ते वाकतात, आणि वळणावर ट्रक डोलतो."

पिशवीच्या तळाशी एक जुना संच होता. आखूड, दाट काट्यांचा, निम्मा झिजलेला. मी नखाने दाबून बघितलं. रबर मऊ होतं, जमीन धरणारं. "हे लावा."

"हे? अहो, चार लोकांत घालून जायच्या लायकीचे तरी आहेत का?"

मी वाद घातला नाही. एका टायरची कड रिमवरून सुटली होती, ती गोंदाने चिकटवली. साबण आणि ब्रश घेऊन चारही धुतले. "आता यांना काहीही लावू नका," एवढं दोनदा सांगितलं. त्याने दोनदा मान हलवली.

रविवारी मैदानात नऊ ट्रक होते. मेहुणी घडीची खुर्ची टाकून पुढेच बसली होती. साडूने ट्रक रेषेवर ठेवला, आणि मला दोन हातांवरूनच वास आला. टायर काळेभोर चमकत होते. मोटारीच्या टायरला लावतात ते पॉलिश!

"फारच उतरलेले दिसत होते हो," तो माझ्या कानाशी कुजबुजला. "जरा माणसांत आणले."

माझ्या खिशात फडकं होतं. पाण्याचा नळ दहा पावलांवर होता. शिट्टी व्हायला अजून पाच मिनिटं होती. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

पहिल्याच वळणावर ट्रक साबणाच्या वडीसारखा सरकला, खांबाला आपटला आणि उताणा पडून चाकं फिरवत राहिला. सरळ केला की पुन्हा तेच.

"काका, शर्यत आहे, नाच नाही!" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. खोटं कशाला सांगू, मीही हसलो.

साडूची मान खाली गेली. मेहुणी उठली, ट्रक उचलून नळाशी गेली आणि पर्समधल्या साबणाच्या कागदांनी एकेक टायर घासू लागली.

"अगं, राहू दे..."

"तेलकट भांडं हातात राहत नाही, हे कळायला शर्यती लागत नाहीत. धरा. दुसरी फेरी आहे ना अजून?"

दुसऱ्या फेरीत त्या झिजलेल्या टायरांनी जमीन धरली. वळणावर शेपूट जरा हलायची, पण ट्रक सुटला नाही. साडू सहावा आला. दोन-तीन मिनिटं तो एक शब्दही बोलला नाही. इतकी वर्षं ओळखतो, तो मला बरा वाटला तो तेवढाच वेळ. मग शेजारच्याला म्हणाला, "पहिली फेरी मुद्दाम सोडली. गाफील ठेवावं लागतं लोकांना."

"अहो, सहावे आलात," मेहुणी म्हणाली. "खरे सहावे. तेवढंच सांगा ना."

त्याने सांगितलं नाही. आता तो 'जवळजवळ तिसरा' म्हणतो.

परतताना तो ट्रक घेऊन पुढे चालत होता. मेहुणी माझ्या बाजूने चालत होती. तिने हळूच विचारलं, "भाऊजी, सुरू होण्याआधी तुम्हाला पॉलिशचा वास नाही आला?"

"सर्दी झालीय," मी म्हणालो.

त्या दिवशी उलट्या कपाकडे बघितलं होतं, तसंच तिने माझ्याकडे बघितलं.