जयवंत कंडक्टरांची आदरांजली

आळ्यापासून मढपर्यंत कुणाच्याही घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असला, की जयवंत कंडक्टरांना बोलावणं यायचंच. त्रिशरण-पंचशील झालं, बौद्धाचार्यांचं झालं, की लोक एकेक करून उठतात आणि गेलेल्या माणसाविषयी दोन शब्द बोलतात. जयवंतांचे दोन शब्द पाऊण तासाचे असत. पण बायाबापड्या रडत, हे खरं. सव्वीस वर्षं एसटीत 'पुढं सरका' म्हणून आवाज कमावलेला. निवृत्त झाल्यावर त्या आवाजाला गिऱ्हाईक तर हवंच.

त्यांची एक रीत होती. कार्यक्रमाआधी ते घरच्यांना बाजूला घेत, खिशातली वही काढत आणि तीन गोष्टी विचारत. गेलेल्या माणसाला खायला काय आवडायचं? कुणाच्या अडीनडीला तो धावून गेला? आणि जाताना शेवटचं काय बोलला? एवढं मिळालं की बाकीचं ते स्वतःच्या पदरचं घालत. शेवटचे शब्द मात्र नेहमी भाषणाच्या शेवटी. तिथं हमखास पदर डोळ्याला लागत.

आता त्यांच्या स्वतःच्या बायकोचं, वैजयंतीबाईंचं पुण्यानुमोदन होतं. रविवारी अकरा वाजता, गावातल्याच विहारात.

सकाळी नऊच्या सुमाराला जयवंत वही घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले. आत साक्षी, त्यांची एकुलती एक मुलगी, चहा गाळत होती. ती मंचरला एका दवाखान्यात नर्स आहे. आईच्या दुखण्यात शेवटचे पाच महिने रजा टाकून इथंच राहिली होती. वैजयंतीबाईंचे भाऊ गेणभाऊ मढहून आले होते, ते कोपऱ्यात पाट घेऊन बसले होते.

"साक्षे, तुझ्या आईला खायला काय आवडायचं गं?"

साक्षीच्या हातातली गाळणी थांबली. चौतीस वर्षं संसार केलेला माणूस हे विचारत होता. जयवंतांना त्यात काही वावगं वाटलं नाही. घरचं कार्य आहे म्हणून कामात ढिलाई नको, असा उलट त्यांना अभिमानच वाटला.

त्या घरात नऊ वर्षं अबोला होता. वैजयंतीबाई अंगणवाडी सेविका. नऊ वर्षांपूर्वी भीमजयंतीला मंडळानं त्यांना बोलायची विनंती केली. आयुष्यातलं पहिलं भाषण. आठ दिवस भाकरी थापता थापता त्या ते घोकत होत्या. माईकपुढं उभ्या राहिल्या, चार वाक्यं नीट म्हणाल्या, पाचव्याला अडखळल्या. सूत्रसंचालन जयवंतांकडं होतं. "वेळ कमी आहे," म्हणत त्यांनी बायकोच्या हातातला माईक काढून घेतला आणि पुढचं भाषण स्वतः ठोकलं, पस्तीस मिनिटं. बाई तिथंच, हातात कागद धरून, संपेपर्यंत उभ्या होत्या.

त्या दिवसापासून त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. चहा दिला, जेवण दिलं, त्यांच्या मोतीबिंदूच्या वेळी दवाखान्यात उशाशी बसल्या. बोलणं मात्र तिसऱ्याच्या तोंडून. "साक्षी, त्यांना सांग, ताट वाढलंय." "साक्षे, तिला सांग, भूक न्हाई." साक्षी नोकरीला गेल्यावर घरात तिसरं कुणी उरलं नाही, तेव्हापासून दोघं भिंतीला सांगत.

कुणी विचारलंच तर जयवंत म्हणत, "तिचा सभावच अबोल हाय. मी घेतो सांभाळून." माईक घेतला तो तिची फजिती होऊ नये म्हणून, म्हणजे उपकारच. हा माणूस खोटं बोलत नसे, आणि मला राग येतो तो त्याचाच. तो आधी स्वतःची समजूत काढी आणि मग तीच जगाला खरी म्हणून सांगे.

"मासवडी," साक्षी म्हणाली. "तुमाला आवडत नाय म्हणून घरात कधी केली नाय तिनं. मामाकडं मढला गेली की खायची."

जयवंतांनी वहीत 'मासवडी' लिहिलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडंच होतं, त्यांचा मोतीबिंदू. मग त्यांनी तिसरं विचारलं.

साक्षीनं पातेलं खाली ठेवलं. "खरंच ऐकायचंय?"

"मग? त्याच्याशिवाय भाषण कसं पुरं व्हायचं?"

"आई म्हणाली, 'माझ्या कार्यक्रमाला त्यांना बोलू देऊ नको.' मी हो म्हणाले. मग ती काय बोललीच नाय."

गेणभाऊ हळूच म्हणाले, "दाजी, मी व्हतो तिथं. लई मागितलं न्हाई तिनं जल्मात. एवढं ऐका."

"आण्णा," साक्षी म्हणाली, आवाज न चढवता, "आज तुमी बोललात, तर या घराची पायरी मी परत चढणार नाय. गप बसलात, तर मी हाय तुमच्यासंगं."

जयवंत बाहेर येऊन खुर्चीवर टेकले. समोर हार घातलेला फोटो होता. बराच वेळ ते त्या फोटोकडं बघत राहिले, आणि त्या वेळात त्यांना सगळं कळलं होतं, असं मला आजही वाटतं. पण कळलेलं पचवायला पोट लागतं. थोड्या वेळानं त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांनी वही उघडली आणि एक ओळ लिहिली.

विहार भरला होता. गेणभाऊ चार वाक्यं बोलले. अंगणवाडीतली मदतनीस बोलायला उठली आणि नुसती रडून खाली बसली. "आणखी कुणी?" बौद्धाचार्यांनी विचारलं. सगळ्या माना जयवंतांकडं वळल्या. साक्षी आईच्या फोटोशेजारी बसली होती, तीही बघत होती. जयवंतांनी गुडघ्यावर हात ठेवला. मग उठले.

बोलले, छानच बोलले. मासवडीची गोष्ट सांगितली: "माझ्यासाठी या माउलीनं तीही सोडली." मोतीबिंदूची सांगितली. आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, "जाताना तिचे शेवटचे शब्द काय होते? 'माझ्या कार्यक्रमाला त्यांना बोलू देऊ नको.' का? तर तिला ठाऊक होतं, माझ्या काळजाला हे सोसायचं नाही. शेवटच्या श्वासाला तिला काळजी होती ती माझी!"

बायांनी डोळ्याला पदर लावले. मागून कुणीतरी पुटपुटलं, "बोलावं तर कंडक्टरनीच." गेणभाऊंनी मान खाली घातली. साक्षी शेवटच्या गाथेपर्यंत हात जोडून बसली, ताठ.

दुपारी पाहुणे जेवून पांगले. जयवंत ओट्यावर बसले होते. साक्षी खांद्याला बॅग लावून बाहेर आली. ती त्यांच्यापासून तीन पावलांवर थांबली आणि गेणभाऊंकडं वळली.

"मामा, त्यांना सांगा, मी निघाले."

जयवंतांनी मान वर केली. लेकीकडं नुसतं बघून 'साक्षे' म्हणायचं, एवढंच होतं. पण नऊ वर्षांचं वळण जिभेला पडलेलं.

"गेणभाऊ, तिला सांगा, जेवून जा."

साक्षी निघाली होती. गेणभाऊ तिला फाट्यावर सोडायला मोटारसायकल घेऊन मागोमाग गेले. आवाज आळेफाट्याच्या दिशेनं लांब गेला, मग ऐकू येईना.

जयवंत उठून घरात आले. फोटो टेबलावर होता, त्यावर त्यांनी नजर टिकू दिली नाही. सवयीनं ते भिंतीकडं वळले.

"तिला सांग," ते म्हणाले, "भाषण चांगलं झालं."