उजेडाचा मान आणि चार टायर

वाहणे आणि ओढणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पाठीवर पोते घेतलेला माणूस आणि दोरीने पोते ओढणारा माणूस यांच्या पायांकडे पाहिले की फरक समजतो. पहिल्याचे पाय जमिनीत दाबले जातात, दुसऱ्याचे जमिनीवरून निसटू पाहतात. शाळेत असताना मी हे फळ्यावर बाण काढून शिकवत असे. त्याच धड्याचा उपयोग धाकट्या भावाच्या पिकअपसाठी करण्याची वेळ निवृत्तीनंतर आली.

भाऊ कोरगावला माझ्या शेजारीच राहतो. त्याच्याकडे एक पिकअप आहे आणि दोन चाकांच्या ट्रेलरवर बसवलेला एक जनरेटर आहे. जिथे वीज जाण्याचा संभव असतो तिथे तो हा जनरेटर ओढून नेतो, त्यामुळे त्याला सगळीकडेच जावे लागते. यांपैकी वर्षातली एक फेरी मात्र धंद्याची नसते. इब्रामपूरच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, आमच्या मूळ घराण्याचे देऊळ आहे आणि तिथल्या जत्रेला उजेड पुरवणे हा आमच्या घराचा मान आहे. कोणाच्या घराला पालखीच्या दांड्याचा मान, कोणाला पहिल्या नारळाचा, आम्हाला उजेडाचा. आजोबा दिवट्या नेत, वडील गॅसबत्त्या नेत, भाऊ जनरेटर नेतो. वजन वाढत गेले, मान तेवढाच राहिला.

मागच्या जत्रेला हा उजेड वेळेवर पोचला नाही. देवळाकडे जाणारी शेवटची घाटी जांभ्या दगडाची आहे आणि तिच्यावर सुटी, गोट्यांसारखी खडी पसरलेली असते. निम्म्या चढावर पिकअपची मागची चाके जागच्या जागी फिरू लागली. शेवटी एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर आणून जनरेटर वर न्यावा लागला. तोपर्यंत दशावतारी मंडळींनी नाटकाला सुरुवात केली होती आणि आरंभीच येणाऱ्या गणपतीने प्रेक्षकांच्या मोबाइलच्या उजेडात प्रवेश केला होता. गणपतीने त्याबद्दल काही म्हटले नाही. देवस्थान समितीच्या अध्यक्षांनी म्हटले. पुन्हा असे झाले तर हा मान दोडामार्गकडच्या एका भाविकाला द्यावा लागेल, त्याच्याकडे स्वतःचा ट्रॅक्टर आहे, असे त्यांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवून, अतिशय मायेने सांगितले. एका घराचा मान दुसऱ्या घरात गेला की तो परत आल्याचे आमच्या भागात कोणी पाहिलेले नाही. भाऊ पुढचे काही दिवस कमी जेवला.

दोष टायरचा आहे यावर घरात एकमत झाले. नवे टायर कोणते घ्यावेत यावर झाले नाही.

मी कदेल, म्हणजे खुर्ची, अंगणात नेऊन पिकअपच्या मागच्या चाकापाशी बसलो आणि चष्मा लावला. टायरच्या बगलेवर पुष्कळ मजकूर असतो आणि तो सहसा कोणी वाचत नाही. त्यात टायरची रुंदी असते, तो किती भार सोसेल याचा आकडा असतो, आणि लहानशा चौकटीत तो कोणत्या वर्षाच्या कोणत्या आठवड्यात तयार झाला तेही लिहिलेले असते. दुकानात नवा म्हणून मिळणारा टायर फळीवर बसून म्हातारा झालेला असू शकतो, म्हणून ही चौकट आधी पाहावी. भावाचे टायर साधे, डांबरी रस्त्याचे होते. त्यांच्यावरच्या सरळ खाचा झिजून उथळ झाल्या होत्या.

जनेलातून, म्हणजे खिडकीतून, भावजयीने विचारले, "टायराक किती मार्क पडले, दादा?"

मी म्हणालो की तो विषयात नापास आहे, वर्तणूक मात्र चांगली आहे.

"म्हणजे तुमच्या भावासारको," ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही डिचोलीला गेलो. तिथल्या टायरवाल्याचे दुकान खाणींच्या भरभराटीत वाढलेले आहे आणि खनिजाच्या ट्रकांनी त्याचे विचार घडवलेले आहेत. त्याने फळीवरून मोठमोठ्या ठोकळ्यांचा, चिखलात चालणारा एक टायर खाली घेतला आणि भावापुढे उभा केला. हा टायर बुडत्या खाणीतूनसुद्धा बाहेर येईल, असे त्याचे म्हणणे होते. भावाने टायरवरून हात फिरवला. तो हात त्याने लवकर काढून घेतला नाही.

मी शांतपणे सांगितले की ही गाडी वर्षातून एकदा सड्यावर चढते आणि उरलेले वर्षभर म्हापशाच्या डांबरी रस्त्यावर धावते. चिखलाचा टायर डांबरावर मोठा आवाज करतो, लवकर झिजतो आणि पावसाळ्यात ओल्या रस्त्याला नीट धरत नाही. शिमग्यातला वेष कितीही देखणा असला तरी तो घालून कोणी रोज पंचायतीत जात नाही.

"आमचो पंच जाता," टायरवाला म्हणाला.

मग मी दुसरा टायर काढायला लावला. हा डांबर आणि खडबडीत रान दोन्हींसाठी होता. त्याचे ठोकळे मध्यम आकाराचे, मधल्या खाचा अडकलेली खडी बाहेर टाकतील इतक्या रुंद. बगला जाड होत्या, आणि हे महत्त्वाचे, कारण जांभ्याची धार टायरला समोरून क्वचितच कापते, बाजूने कापते. भाराचा आकडाही जुन्या टायरपेक्षा वरचा होता. ट्रेलर नुसता मागून ओढला जात नाही. त्याचा दांडा पिकअपच्या हुकावर खाली दाबतो आणि तो दाब मागच्या चाकांवर येतो. टिकाऊपणा हा टायरचा स्वभाव नसतो. योग्य ओझे आणि योग्य रस्ता मिळाला तरच टायर टिकतो.

भावाने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "हो टायर तर आदल्यासारकोच दिसता."

आम्ही रिकाम्या हाताने परतलो. जत्रा जवळ येत होती. भावाने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी सांगितले की देवाला कौल लावू.

कौल म्हणजे काय हे आमच्याकडे सांगावे लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो. गुरव ओल्या पाकळ्या देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना चिकटवतो, आपला प्रश्न गाऱ्हाण्यात गुंफून देवापुढे मांडतो, आणि उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार समजतात. लग्ने, विहिरी, कोर्टातले दावे, सगळे असे ठरते. टायरही ठरायला माझी हरकत नव्हती. माझा आग्रह एवढाच होता की प्रश्न नीट काढला पाहिजे. मी अनेक वर्षे प्रश्नपत्रिका काढल्या आहेत. एका प्रश्नात एकच गोष्ट विचारावी आणि तिचे उत्तर निःसंदिग्ध देता यावे, हा नियम देवासाठी शिथिल करण्याचे मला कारण दिसेना. भावाच्या मनातला प्रश्न फार पसरट होता. त्यात दोन्ही टायर होते, जनरेटर होता, जाणे-येणे होते, अध्यक्षांचा स्वभावही होता. मी त्यातले अनावश्यक काढून टाकले. उरले ते असे: दादाने पसंत केलेल्या टायरांनी पिकअप घाटी चढेल काय?

गुरवाने प्रश्न ऐकला आणि सवयीच्या लयीत सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांनी आज चार चाकांचा गाऱ्हाणा तुज्या पांयांकडे घातला हा." आम्ही म्हणालो, "व्हय म्हाराजा." उजवी पाकळी जवळजवळ लगेच पडली. भावाने माझ्याकडे संशयाने पाहिले.

टायर घेतले, बसवले, दाराच्या आतल्या पट्टीवर भरल्या गाडीसाठी लिहिली आहे तेवढी हवा भरली. जत्रेच्या दुपारी पिकअप जनरेटर घेऊन घाटी चढली. ती एकदाही घसरली नाही. खडी दोन्ही बाजूंना उडत राहिली आणि गाडी सावकाश वर जात राहिली. माथ्यावर उभ्या असलेल्या अध्यक्षांनी घड्याळ पाहिले आणि मान डोलावली. त्या रात्री गणपती पूर्ण उजेडात आला. भाऊ दोनदा जेवला.

सकाळी आम्ही परत निघालो. भाऊ गाडी चालवत होता, मधे भावजय, कडेला मी. उतार सुरू होऊन थोडेच अंतर गेले असेल, पिकअप खडीला घट्ट धरून होती, आणि मला बाजूच्या आरशात आमचा जनरेटर दिसला. तो मागे असायला हवा होता, बाजूला दिसत होता. भावाने ब्रेक दाबला. पिकअप जागच्या जागी थांबली. ट्रेलर मात्र आणखी थोडा आडवा सरकला आणि खालच्या काजूच्या झाडांकडे तोंड करून थांबला.

आम्ही उतरून पाहिले. ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नव्हताच, आणि त्याचे दोन्ही टायर नदीतल्या धोंड्यांसारखे गुळगुळीत होते. देवाचे उत्तर चुकले असे म्हणता येणार नाही. पिकअप घाटी चढली होती. प्रश्नात उतरणे नव्हते, आणि ट्रेलर तर मुळीच नव्हता.

"चार चाकांची परीक्षा घेतली," भावजय म्हणाली. "मागची दोन गैरहजर आसली."

मांडव सोडणारे लोक दोर घेऊन खाली आले. त्यांच्यात अध्यक्ष आणि समितीचे काही सभासदही होते. ट्रेलरला मागून दोर बांधले, सगळ्यांनी टाचा रोवून ते ताणून धरले आणि भावाने पिकअप पहिल्या गिअरमध्ये टाकून इंच इंच खाली घ्यायला सुरुवात केली. त्याचे लक्ष जनरेटरकडे नव्हते. आरशातून तो अध्यक्षांच्या तोंडाकडे पाहत होता.

निम्म्या वाटेवर चाकांना दगड लावून सगळे दम घ्यायला थांबले आणि दोर हातात असतानाच विषय निघाला. एक सभासद म्हणाले की गेल्या वर्षी चढली नाही, यंदा उतरत नाही. खोट ती खोटच. दुसऱ्यांनी सांगितले की मान उजेड आणण्याचा आहे, नेण्याचा नाही. पहिल्यांनी विचारले की मग पालखी नुसती बाहेर काढून रस्त्यात ठेवली तर चालेल का. भाऊ गाडीतून उतरला होता. तो दाराला धरून उभा होता.

अध्यक्षांनी दोराचा पीळ दुसऱ्या हातात घेतला. "उजेड वेळार इलो," ते म्हणाले. "जाताना जनरेटर बंद, तो काळोखच घेवन जाता. ताका कसलो वेळ आनि कसलो उशीर? मान ह्यांच्याच घरात रवतलो." कौलाचा प्रश्न कोणी काढला हे त्यांना गुरवाकडून कळले होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. "पण फुडल्या वर्सा देवाक प्रश्न आमी घालतले. मास्तरांनी घालूचो न्हय."

वाक्य पुरे होण्याआधीच भावाने होकार दिला. त्याने माझे मत विचारले नाही. सभासदांपैकी कोणालाही या अटीत चर्चा करण्यासारखे काही वाटले नाही, आणि सगळे पुन्हा दोराला लागले. एक दोर माझ्याही हातात देण्यात आला.

पायथ्याला पोचल्यावर भावाने सगळ्यांना हात जोडले आणि गाडी कोरगावऐवजी डिचोलीच्या रस्त्याला वळवली. थोडे पुढे गेल्यावर तो थांबला. ट्रेलरच्या टायरवर भाराचा आकडा किती आहे, तेवढे वाचून दे, म्हणाला. मी चष्मा लावला आणि खाली उतरलो.