पुलावर सैनिक नव्हते

मित्रदेशातल्या पोस्टिंगची पहिली ऑर्डर होती, युनिफॉर्म ट्रंकेत ठेवा. त्या देशाचं नाव इथे लिहीत नाही. तशी सही करून दिलेली आहे आणि माझी सही मी पाळतो. ज्यांनी ती घेतली त्यांनी काय पाळलं, ते पुढे येईलच.

मी तेव्हा इंजिनिअर पलटणीत हवालदार होतो. पूल बांधणं, रस्ते काढणं, सुरुंग निकामी करणं हे आमचं काम. दोन्ही सरकारांची बोलणी होऊन डोंगरातल्या एका जुन्या बौद्ध विहारापर्यंत रस्ता बांधायचं ठरलं होतं. विहाराच्या पुढे थोड्याच अंतरावर त्या देशाची सरहद्द होती. रस्ता एकच, पण त्याच्या फायली दोन. एका फाईलवर सांस्कृतिक संबंध लिहिलं होतं, दुसरीवर प्रादेशिक सुरक्षा. पहिली फाईल पेपरवाल्यांना दाखवत. दुसरीसाठी आम्हाला पाठवलं होतं.

सरहद्दीपलीकडच्या शेजाऱ्याला तिथे परदेशी सैनिक चालले नसते. म्हणून कागदावर आम्ही सैनिक नव्हतो, 'तांत्रिक साहाय्य पथक' होतो. कॅप्टन मेनन चीफ इंजिनिअर झाले, मी फोरमन झालो. सॅल्यूटला बंदी होती. माझ्या हाताखालचा नाईक इक्बाल बागवान म्हणायचा, "साहेब समोर आले की हात आपोआप वर जातो. मग मी डोकं खाजवतो." महिनाभरात सगळं पथक डोकं खाजवायला लागलं. मेनन साहेब एकदा म्हणाले, "अरे, यांना वाटेल आपल्यात उवा झाल्यात."

इक्बाल पुण्याचाच, गंज पेठेतला. वडील मार्केट यार्डात फळांचे व्यापारी. मी येरवड्याचा. पुण्यात असतो तर आमची गाठ पडली असती असं वाटत नाही. तिथे मात्र आम्ही एका तंबूत होतो. माझ्या आईला मी एवढंच कळवलं होतं की विहाराचा रस्ता बांधतोय. छप्पन सालानंतर आमच्या घरात भिंतीवर बुद्ध आला. तिचा मुलगा त्याच्या जुन्या विहाराकडे जाणारा रस्ता बांधतोय, हे तिने सगळ्या वस्तीला सांगितलं. फोनवर ती विचारायची, "विहार बघितलास का?" इक्बाल शेजारून ओरडायचा, "आई, मी दोनदा बघितला. याला वेळच नाही."

रोजचं काम ठरलेलं होतं. पहाटे उठणं, मशीन गरम करणं, अंधार पडेपर्यंत दगड फोडणं. विहाराच्या अलीकडे एक नदी होती. तिच्यावर आम्ही बेली ब्रिज टाकला. हा लोखंडी पूल तयार भाग जोडून उभा करतात. पूल पक्का होता. पलीकडच्या काठाची माती भुसभुशीत होती. तिला आधार द्यायला आम्ही दगड भरलेल्या जाळ्या लावल्या. ते काम निम्मंच झालं होतं. तेवढ्यात बातमी आली की बोलण्यांची पुढची फेरी विहारातच होणार. दोन्ही शिष्टमंडळं पुलावरून पायी जाणार आणि पलीकडे फोटो काढणार.

फोटोच्या आदल्या दिवशी डोंगरात वर कुठेतरी जोराचा पाऊस झाला. सकाळी नदी गढूळ होती आणि तिने पलीकडच्या काठाच्या खालच्या जाळ्या ओढून नेल्या होत्या. मेनन साहेबांनी पाहिलं आणि सरळ रेडिओ उचलला. मी शेजारी उभा होतो.

"ब्रिज अनसेफ. पाहुण्यांना अलीकडेच थांबवा. ओव्हर."

"शक्य नाही. कॅमेरे पलीकडे लागलेत. पायी जाणारी माणसं आहेत, लोड कितीसा येणार? ओव्हर."

"प्रश्न लोडचा नाही, काठाचा आहे. काठ बसतोय. ओव्हर."

मग दुसरा आवाज आला, वरच्या माणसाचा.

"यजमानांना आत्ता नाही म्हणता येणार नाही. बोलणी नाजूक आहेत. तासभर देतो, काठ मजबूत करा. आउट."

मेनन साहेबांनी रेडिओ खाली ठेवला. कोणाला खाली पाठवायचं हे त्यांना सांगावं लागलं नाही. इक्बालने दोर कमरेला बांधला. त्याच्याबरोबर तिथलेच दोन मजूर उतरले, मित्रदेशाचे. मी वरून दगड सोडत होतो, ते तिघं जाळीत भरत होते. विहारातून ढोल ऐकू येत होते. पाहुण्यांच्या स्वागताची तयारी चालली होती.

काठ आवाज न करता गेला. आधी माझ्या पायाखाली भेग दिसली. मी ओरडलो. इक्बालने वर पाहिलं, मग शेजारच्या मजुराला खांद्याने वर ढकललं. आम्ही त्याला ओढून घेतलं. दुसऱ्याला त्याने कॉलर धरून दोराकडे फेकलं. तोही वर आला. मग सगळी माती एकदम खाली बसली, आणि इक्बालचा दोर पुलाच्या लोखंडी कडेवर घासून तुटला.

तो आम्हाला खालच्या वळणावर सापडला. तोपर्यंत पाहुण्यांना कळवलं गेलं होतं की पुलाची किरकोळ दुरुस्ती चालू आहे. त्यांनी हस्तांदोलन अलीकडेच केलं. फोटो चांगला आला. मी तो नंतर पेपरात पाहिला.

संध्याकाळी मेनन साहेबांनी आम्हाला एकत्र बसवलं. त्यांनी कागद वाचला. तांत्रिक कर्मचारी, अपघाती मृत्यू. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "हे मी लिहिलेलं नाही." एवढंच. पुढे वर्षभरात त्यांनी नोकरी सोडली.

इक्बालला घेऊन मी पुण्याला आलो. विमानतळावर बँड नव्हता, तिरंगा नव्हता. मी साध्या शर्टात. घरी त्याची बायको रेहाना वहिनी दारात उभी होती. मुलगी कडेवर. तिने विचारलं, "भाऊ, हे युनिफॉर्ममध्ये का नाहीत?"

"ऑर्डर आहे, वहिनी."

"आता कसली ऑर्डर?"

 

मी सुभेदार होऊन निवृत्त झालो. यंदा त्याच मित्रदेशाशी बोलण्यांची फेरी पुण्यात झाली. बंद दाराआडची बैठक कॅम्पातल्या हॉटेलात, आणि जनतेसाठीचा कार्यक्रम सदाशिव पेठेतल्या एका सभागृहात. मला बोलावणं आलं ते सैनिक म्हणून नाही, येरवड्याच्या आमच्या विहाराचा विश्वस्त म्हणून. सांस्कृतिक संबंधांना समोर चार बौद्ध माणसं बसलेली लागतात. सोबत एकाला आणायची मुभा होती. मी रेहाना वहिनीला विचारलं. ती बालवाडीत शिकवते. सुट्टी काढून आली.

सभागृहाच्या दारावर पाटी होती: 'चहा कार्यक्रमानंतरच मिळेल. प्रश्न लेखी द्यावेत. उत्तराची खात्री नाही.' पुण्यात निदान हे तरी स्पष्ट लिहितात.

पडद्यावर फिल्म दाखवली. डोंगर, विहार, आणि आमचा पूल. काठाला आता काँक्रीट आहे. वहिनीने हळूच विचारलं, "हाच का?" मी हो म्हणालो. पाहुण्या देशाचे उपमंत्री बोलायला उभे राहिले. ते म्हणाले, हा पूल भिक्षूंच्या आशीर्वादाने आणि कारागिरांच्या हातांनी उभा राहिला, आणि त्यासाठी कोणाला साधं खरचटलंही नाही. टाळ्या झाल्या. आपले अधिकारी पहिल्या रांगेत होते. त्यांनीही वाजवल्या.

चहाच्या वेळी उपमंत्री लोकांना भेटत होते. बरोबर दुभाषी मुलगी होती, पुण्यातलीच, इथेच ती भाषा शिकलेली. वहिनी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मी मागे होतो.

"माझे मिस्टर त्या पुलावर गेले," ती म्हणाली.

मुलीने भाषांतर केलं. पंधरा महिने मी त्या देशात काढले आहेत, तेवढी भाषा मला कळते. ती म्हणाली, 'यांचे पती त्या पुलावर जाऊन आले आहेत.' तिचा दोष नाही. तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं.

उपमंत्री हसले. मुलीने त्यांचं बोलणं मराठीत आणलं, "विचारतायत, त्यांना पूल कसा वाटला?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं.

मग मी त्यांच्याच भाषेत बोललो. "ते मेले. पुलाखाली. तुमच्या दोन माणसांना वर ढकलून. ते आमचे सैनिक होते."

उपमंत्र्यांच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही, सावकाश गेलं. त्यांनी शेजारी उभ्या आमच्या सरकारच्या अधिकाऱ्याकडे पाहिलं. त्या अधिकाऱ्याने चहाच्या कपाकडे पाहिलं.

"त्या पुलावर सैनिक नव्हते," उपमंत्री म्हणाले. शांतपणे, पाठ केलेलं म्हणावं तसं.

वहिनीने विचारलं, "काय म्हणाले?" मी सांगितलं.

ती दुभाषी मुलीकडे वळली. "मग माझ्या दारात कोणाला आणून ठेवलं होतं, ते विचार यांना."

मुलीने तोंड उघडलं. त्या अधिकाऱ्याने नकारार्थी मान हलवली. तिने तोंड मिटलं. अधिकाऱ्याने माझा दंड धरला आणि म्हणाला, "काका, आपण जबाबदार नागरिक आहात."

"सुभेदार," मी म्हणालो. "काका घरी."

आम्ही बाहेर पडलो. रिक्षा करून मी वहिनीला घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी पेपरात संयुक्त निवेदन आलं. दोन्ही देशांचे संबंध पूर्वीइतकेच दृढ होते. दुपारी मला एक फोन आला. आवाज सभ्य होता. माझ्या जुन्या सहीची आठवण करून दिली. मी म्हणालो, देशाचं नाव मी घेणार नाही. माझ्या माणसाचं घेईन. त्यावर सही केलेली नाही.

नाईक इक्बाल बागवान. पुण्याचा. उत्तम पोहायचा, पण त्या नदीत पोहणं कोणालाच शक्य नव्हतं. घरून आलेले पेरू सगळ्यांना वाटायचा आणि मग गोड नव्हते म्हणून स्वतःच तक्रार करायचा. पत्त्यांत उघड लबाडी करायचा. कामात कधीच नाही. मुलगी पहिलं पाऊल टाकते आहे असं घरून कळलं, तेव्हा त्याने साऱ्या तंबूला उठवून सांगितलं होतं.

गेल्या शुक्रवारी वहिनीचा फोन आला. कब्रस्तानात या म्हणाली. मी गेलो. इक्बालच्या दगडावर इतकी वर्षं फक्त नाव आणि वडलांचं नाव होतं, कारण दफनाच्या वेळी वहिनीच्या सासऱ्यांनी कागदात होतं तेवढंच कोरून घेतलं होतं. आता नावाच्या आधी एक नवा शब्द होता: नाईक. पाथरवट हत्यारं आवरत होता.

"परवानगी कोणाची घेतली, वहिनी?"

"कोणाची घ्यायची होती?"

नावाआधी जागा कमी होती, त्यामुळे अक्षरं दाटीने आली आहेत. वाचता येतात.