अप्पांचं नाक मला, हृदय अक्काला

आमचे वडील, अप्पा, बंगळुरात चिकपेटेतल्या आमच्या दुकानात, गिऱ्हाईकापुढे साडी उलगडता उलगडता गेले. पन्नाशीही गाठली नव्हती. छातीत दुखतंय म्हणाले तेव्हा शेजारच्या दुकानातून जिऱ्याचा सोडा आला. गॅस असेल असंच सगळ्यांना वाटलं.

मी हुबेहूब त्यांच्यासारखा. तेच नाक, तेच टक्कल, तेच गादीवर पसरून बसणं. तेव्हा त्यांचं हृदयही माझ्याच वाट्याला आलं असणार, हे घरात कुणालाही न विचारता ठरून गेलं. मी दुसऱ्या होळिगेला, म्हणजे पुरणपोळीला, हात लावला की बायको नुसती बघायची. मलाही त्या भूमिकेची गोडी लागली होती, नाही म्हणत नाही. जिन्यात थांबून छातीवर हात ठेवला की घरातले निम्मे वाद तिथेच मिटायचे.

थोरली बहीण, म्हणजे अक्का, आईवर गेलेली. काटकुळी, रोज हेब्बाळच्या तळ्याकाठी फिरणारी. तिची काळजी करायचं कुणाच्या मनातही आलं नाही. उलट दरवर्षी माझ्या रक्ततपासणीला तीच सोबत यायची आणि मी उपाशी म्हणून स्वतःही उपाशी राहायची. दोघांच्या उपम्याचा डबा मांडीवर, आणि माझं रक्त दिल्याशिवाय तो उघडायचा नाही.

गेल्या वर्षी रक्त घेणाऱ्या बाईंनी तिला सहज विचारलं, "अक्का, तुम्ही खाऊन आलात?"

"धाकटा उपाशी असताना मला घास उतरतो होय?"

"मग तुम्हीपण स्वल्प रक्त द्या की."

"मला काय धाड भरलीय," असं म्हणत अक्कानं हात पुढे केला.

माझा रिपोर्ट बरा आला. अक्काचं कोलेस्टेरॉल इतकं निघालं की डॉक्टरांनी पुन्हा तपासायला लावलं. मग त्यांनी तिच्या टाचेमागची शीर दाबून पाहिली. कोलेस्टेरॉल साचून ती जाड झाली होती. अप्पांची हकिकत विचारली आणि आम्हा दोघांचीही जनुकं तपासायला पाठवली.

अप्पांचा दोष अक्कात सापडला. माझ्यात नाही.

"पण अप्पांचा तोंडवळा तर माझ्याकडे आहे," मी म्हणालो.

"तोंडवळ्याचा इथे संबंध नाही," डॉक्टर म्हणाले. "वडिलांकडे या जनुकाच्या दोन प्रती, त्यातली एक बिघडलेली. प्रत्येक मुलाला दोन्हींपैकी एक मिळते. बिघडलेली मिळाली तर यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल नीट उचलत नाही आणि ते जन्मापासून साचत जातं. चालणं चांगलंच, पण तेवढ्यानं भागत नाही. आणि तुम्ही हसू नका, तुमचं पोट काही जनुकानं वाढवलेलं नाही."

ऑटोत अक्का रिपोर्ट उघडून बसली. मग म्हणाली, "मला वाटायचं, अप्पांचं माझ्यात काहीच नाही." थोड्या वेळानं पुन्हा, "द्यायचंच होतं तर नाक द्यायचं."

मला हसूही येईना. इतकी वर्षं मी मरणाची तयारी करत होतो आणि धोका माझ्या शेजारी डबा धरून बसला होता.

पुढचे काही दिवस कसे गेले ते आमचं आम्हाला माहीत. आधीच किती साचलंय, हे अँजिओग्राफी झाल्याशिवाय कळणार नव्हतं. झाली. हृदयाची एक नळी थोडी अरुंद झाली होती, गोळ्यांवर भागण्यासारखी. तेव्हापासून देवाला हात जोडताना मी त्या रक्त घेणाऱ्या बाईंनाही जोडतो.

अक्काचा मुलगा कोरमंगलात राहतो. त्याचीही तपासणी केली आणि तीच प्रत त्याच्यातही निघाली. गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन तो कुरकुरला, "आई, या वयात रोज गोळी? ऑफिसात काय म्हणतील?"

"माझ्या अप्पांना कुणी वेळेवर सांगितलं असतं ना," अक्का म्हणाली, "तर त्यांनी नारळाएवढी गोळीसुद्धा गिळली असती."

तो आत जाऊन पाणी घेऊन आला.